पोरांचे हात: इंदूरच्या गॅरेजमालकांना गिअर ऑइलबद्दल खुलं पत्र

इंदूरमधल्या सर्व गॅरेजमालकांना आणि उस्तादांना,

सप्रेम नमस्कार.

पीथमपूरच्या एका वाहन कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी होतो. तिथे गिअर ऑइलच्या बॅरलला हात लावण्याआधी कामगाराला हातमोजे मिळत, अ‍ॅप्रन मिळे, पाळी संपल्यावर साबण आणि भरपूर पाणी मिळे. हे सगळं रोज होतंय की नाही ते बघायला माझ्यासारखा माणूस पगारावर ठेवलेला असे. निवृत्त झाल्यावर आपल्या शहरातली गॅरेजं मी जवळून बघू लागलो. देवास नाका, ट्रान्सपोर्ट नगर, छावणी, आणि आमच्या लोकमान्यनगराच्या आसपासच्या गल्ल्याही. तेल तेच आहे, बॅरलही तेच. हात मात्र उघडे आहेत, आणि बहुतेक वेळा ते सतरा-अठरा वर्षांच्या पोराचे आहेत.

म्हणून हे पत्र तुम्हाला. चार माणसांच्या गॅरेजपर्यंत कारखान्यांचा कायदा सहसा पोचत नाही. ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं, कार्ड नसतं, कारण त्याची सक्ती सहसा दहा माणसं कामावर असली तरच होते. तिथे पोराच्या तब्येतीकडे बघणारं तुमच्याशिवाय दुसरं कोणीच नाही. पोरं बरीचशी धार-झाबुआकडून आलेली, हिंदी बोलणारी. माझं हे मराठी पत्र ती वाचणार नाहीत, पण तुम्ही वाचून हिंदीत सांगितलंत तर ऐकतील. उस्तादाचा शब्द त्यांना घरच्यांच्या शब्दापेक्षा मोठा असतो, हे मी पाहिलंय.

आधी एक सांगून टाकतो, नाहीतर मी उगाच भीती घालतोय असं वाटेल. सीलबंद डब्यातलं नवं गिअर ऑइल म्हणजे विष नव्हे. चांगल्या कंपनीच्या नव्वद नंबरच्या गिअर ऑइलमध्ये मोठा भाग खूप शुद्ध केलेल्या बेस ऑइलचा असतो आणि थोडा भाग अ‍ॅडिटिव्हचा. क्राउन-पिनियन या अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या जोडीच्या दातांवर दाब इतका येतो की तेलाचा थर तिथे टिकत नाही. त्या क्षणी धातूवर धातू घासू नये म्हणून गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घातलेली असतात. डब्यावर ‘ईपी’ (एक्स्ट्रीम प्रेशर, म्हणजे अतिदाब) लिहिलेलं असतं ते यासाठीच, आणि गिअर ऑइलचा तो नाकात बसणारा उग्र वास त्या गंधकाचा. हे तेल पेटायलाही सोपं नाही. साधारण दोनशे अंश सेल्सियसच्या आसपास तापल्याशिवाय त्याच्या वाफेला ठिणगी लागत नाही. एकदा हातावर सांडलं आणि साबणाने धुतलं, तर बहुतेकांना काहीही होत नाही.

पण गॅरेजात ते एकदाच सांडत नाही.

ट्रान्सपोर्ट नगरात एक पोरगा ट्रकखाली झोपून हाऊसिंगचं, म्हणजे अ‍ॅक्सलच्या गिअरच्या पेटीचं, ऑइल काढत होता. पाठीखाली पोत्याचा तुकडा. ड्रेन प्लग, म्हणजे तेल काढायचं बूच, पान्याने सैल केला आणि शेवटचे दोन आटे बोटांनी फिरवले. प्लग सुटला तशी जाड धार त्याच्या बोटांवरून मनगटावर आली, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली आणि शर्टाच्या बाहीत शिरली. प्लगच्या टोकाला चुंबक होतं. त्यावर लोखंडाचा बारीक कीस चिखलासारखा जमलेला. तो त्याने अंगठ्याने पुसून काढला, अंगठा चिंधीला पुसला आणि चिंधी पँटच्या पुढच्या खिशात कोंबली. तो बाहेर आल्यावर मी त्याचा हात बघायला मागितला. मनगटाच्या वर केसांच्या मुळाशी काळे ठिपके, मधूनमधून पिकलेल्या पुळ्या. त्याला वाटत होतं घामोळं आहे. मांडीवरही आहे म्हणाला, मान खाली घालून.

ते घामोळं नव्हतं. तेलाने केसांची छिद्रं बुजतात, आत घाण साठते, मग पुळ्या येतात आणि पिकतात. हातावर आणि मांडीवर जास्त, कारण तेलाने भिजलेलं कापड तिथेच दिवसभर घासत असतं. यावर घामोळ्याची पावडर लावून काही होत नाही. तेलाचा संबंध तोडला तरच ते बसतं. दुसरा त्रास कोरडेपणाचा. तेल, मग ते काढायला डिझेल, मग कपडे धुण्याची पावडर, असं रोज झालं की कातडीची स्वतःची स्निग्धता संपते. बोटांच्या सांध्यांवर भेगा पडतात, लाल होतं, खाजतं. त्यात तो लोखंडाचा कीस कातडीला बारीक बारीक चिरे पाडतो आणि तेल आणखी आत जातं. काही जणांना अ‍ॅडिटिव्हची अ‍ॅलर्जी जडते. ती एकदा जडली की पुढे थोड्याशा तेलानेही हात सुजतो, आणि अशा मेकॅनिकला शिकलेलं काम सोडावं लागतं.

खिशातल्या त्या चिंधीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय.

इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या सूतगिरण्यांत म्यूल नावाची कताई यंत्रं असत. त्यांच्या फिरत्या चात्यांना घातलेलं खनिज तेल उडून कामगारांच्या पँटवर, मांड्यांच्या वरच्या भागात बसे. कामगार त्याच कपड्यांत वर्षानुवर्षं राबत. त्यांच्यात अंडकोशाच्या कातडीचा कॅन्सर दिसू लागला. १९२२ साली मँचेस्टरच्या दोन डॉक्टरांनी रुग्णालयातल्या केसेस तपासून गिरणी कामगारांमधलं त्याचं प्रमाण दाखवून दिलं. त्यानंतरही तिथे खास नियम व्हायला १९५३ साल उजाडावं लागलं. आपलं इंदूरही गिरण्यांचं गाव होतं. मालवा मिल, हुकुमचंद मिलमध्ये ज्यांच्या घरातली माणसं होती, त्यांना तेलकट कपड्यांत दिवस काढणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

त्या काळचं तेल आजच्यासारखं शुद्ध केलेलं नव्हतं, हेही तितकंच खरं. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था कच्च्या किंवा कमी शुद्ध केलेल्या खनिज तेलांना माणसात कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात ठेवते, खूप शुद्ध केलेल्या तेलांना त्या गटात ठेवत नाही. म्हणजे तुम्ही कोणतं तेल आणता यावर पोराचं बरंच काही अवलंबून आहे. बिनलेबलच्या डब्यातून स्वस्तात मिळणारं खुलं ऑइल कुठून आलं, जुनंच गाळून भरलंय का, हे विकणाराही सांगू शकत नाही. गिऱ्हाईकाच्या गिअरबॉक्सची काळजी म्हणून तुम्ही ते टाळत असाल. पोराच्या कातडीसाठीही टाळा.

जुन्या तेलाबाबत एक फरक लक्षात ठेवा. इंजिन ऑइल काळं होतं ते जळालेल्या इंधनाच्या काजळीने, आणि त्यात कॅन्सरला कारण ठरणारी संयुगं साठत जातात. गिअर ऑइलचा जळण्याशी संबंध येत नाही. त्यात उतरतो तो झिजलेल्या दातांचा आणि गिअर बदलताना घासणाऱ्या सिंक्रोनायझर रिंगचा धातू. पण तुमच्या गॅरेजात दोन्ही एकाच ड्रममध्ये ओतली जातात, आणि दोन्हींना तेच हात लागतात. म्हणून जुनं तेल कुठलंही असो, वागायचं ते इंजिन ऑइल समजूनच.

आता सगळ्यात वाईट सवय. संध्याकाळी पोरं पेट्रोलने हात धुतात. बहुतेक गॅरेजांत मी हे पाहिलं, आणि कित्येक ठिकाणी उस्ताद स्वतःच धूत होते. आजच्या बीएस-६ पेट्रोलमध्येही एक टक्क्यापर्यंत बेंझिन असू शकतं, आणि बेंझिनने रक्ताचा कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. पेट्रोल श्वासातून जातं, कातडीतूनही थोडं जातं. शेजारी कोणी बिडी ओढत असेल किंवा ग्राइंडर चालू असेल तर हातच पेटतात. हात धुवायचे ते असे: आधी कोरड्या स्वच्छ चिंधीने जास्तीचं तेल पुसून काढायचं. मग चमचाभर खाण्याचं तेल हातावर चोळायचं, त्याने काळा थर सुटतो. मग साबण आणि पाणी. हँड क्लीनरची पेस्ट मिळते, ती त्याहून बरी. नखांसाठी मऊ ब्रश ठेवा. शेवटी खोबरेल. एवढ्याला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाच मिनिटं कामाच्या वेळेतली धरा. सुट्टी झाल्यावर धू म्हणाल तर पोरगा तसाच सायकलवर बसून निघून जाईल.

हातमोजे नायट्राइलचे (तेल न शोषणाऱ्या कृत्रिम रबराचे) घ्या, सियागंजात घाऊक डबे मिळतात. सुती मोजे देऊ नका. ते तेल पितात आणि दिवसभर कातडीला धरून ठेवतात, त्यापेक्षा उघडा हात परवडला. मात्र ड्रिल, ग्राइंडर, फिरती शाफ्ट यांच्याजवळ कोणतेच मोजे नकोत, कापड गुंतलं की हातासकट ओढलं जातं. चिंधी खिशात न ठेवता कमरेला बाहेरून लावायचा हूक द्या आणि ती दिवसाला बदला. कामाचे कपडे गॅरेजातच बदलले गेले पाहिजेत, आणि धुवायचे ते वेगळे. घरी बहिणीच्या लहान लेकराच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत नाहीत.

ट्रकची कामं करणाऱ्यांनी आता सांगतो ते फार नीट वाचावं. ग्रीसगन, हवेवर चालणारा ऑइल पंप, किंवा बारीक भोक पडलेला होस. कारच्या टायरमध्ये तीस-पस्तीस पीएसआय हवा असते. हाताने चालवायची साधी ग्रीसगनसुद्धा काही हजार पीएसआयपर्यंत जाते. नोझल निपलवरून (ग्रीस भरायच्या तोंडावरून) घसरलं आणि बोटाच्या टोकाला लागलं, तर तेल किंवा ग्रीस कातडी भेदून आत जातं. बाहेरून दिसतो तो सुईने टोचल्यासारखा ठिपका. रक्त जवळजवळ नाही, सुरुवातीला दुखतही नाही. पोरगा बोट चोखतो, चिंधी बांधतो आणि कामाला लागतो. आत मात्र तेल कंडरांच्या (बोटं हलवणाऱ्या दोऱ्यांच्या) आवरणातून तळहाताकडे सरकत असतं, सूज वाढते, रक्तपुरवठा दबतो. काही तासांत बोट फुगून पांढुरकं पडतं, तोपर्यंत बऱ्याचदा फार उशीर झालेला असतो आणि बोट कापावं लागतं.

अशा वेळी दुखत नसलं तरी पोराला ताबडतोब एमवाय हॉस्पिटलच्या अपघात विभागात किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या. गल्लीतल्या दवाखान्यात टिटॅनसचं इंजेक्शन देऊन घरी पाठवू देऊ नका. डॉक्टरांना नेमके शब्द सांगा: दाबाखालचं तेल बोटात शिरलंय. कोणतं तेल ते दाखवायला डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो बरोबर घ्या. हे ऑपरेशनचं काम आहे, मलमपट्टीचं नाही. आणि होस कुठे गळतोय हे बघायला बोट फिरवायचं नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा.

गरम तेलाबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. घाट चढून आलेल्या गाडीचं ऑइल लगेच काढू नका. कोमट असताना चांगलं निघतं, उकळतं असायची गरज नाही. डोळ्यांत उडालं तर चोळायचं नाही, पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याच्या बारीक धारेखाली डोळा उघडा धरायचा आणि मग दवाखाना.

रिकामं बॅरल हा वेगळाच विषय आहे. दोनशे दहा लिटरचं बॅरल रिकामं झालं की त्याची भट्टी कर, त्याची पाण्याची टाकी कर, मधून कापून पाट कर, हे सर्रास चालतं. रिकाम्या बॅरलच्या तळाशी आणि शिवणीत तेल उरलेलंच असतं. गॅस कटरची ज्योत लागली की त्याची वाफ होते, आत हवा असते, तोंड बंद असतं. बॅरल फुटतं आणि कापणारा त्याच्यावर वाकलेला असतो. भरलेल्या बॅरलपेक्षा रिकामं जास्त धोक्याचं, हे मी कारखान्यात नव्या वेल्डरला पहिल्याच दिवशी सांगायचो. थंडीत तेल घट्ट झालं म्हणून बॅरलखाली ब्लोलॅम्प लावणंही बंद करा. ईपी ऑइल जास्त तापलं की त्यातल्या गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड निघू शकतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो हाच वायू. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजू नका. आणि पिण्याच्या पाण्यासाठी असं बॅरल कोणालाही विकू नका, कितीही घासलेलं असो.

उरलंसुरलं तेल पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवणं आजच थांबवा. गॅरेजच्या मागे तुमचीच नातवंडं खेळत असतात. कोणी चुकून प्यायलंच तर उलटी करवायची नाही. उलटी होताना तेल फुप्फुसात उतरतं आणि तिथे ते पोटापेक्षा कितीतरी जास्त नुकसान करतं. तोंड धुवा आणि डॉक्टरकडे न्या. तोंडाने नळी ओढून डिझेल-पेट्रोल काढण्यातही हाच धोका आहे. हातपंप फार महाग नसतो.

आता जळकं ऑइल. तुमच्या ड्रममधलं जुनं तेल कुठे जातं, हे मी बऱ्याच ठिकाणी विचारलं. भंगारवाला लिटरवर पैसे देतो, एवढंच उत्तर मिळालं. पुढे ते वीटभट्टीत जळतं, सेंटरिंगच्या फळ्यांना लागतं, किंवा गाळून पुन्हा डब्यात भरलं जातं आणि तुमच्याच दारात स्वस्त ऑइल म्हणून परत येतं. काही जण ते मोहल्ल्यातल्या खरूज झालेल्या कुत्र्यांना लावतात, दया म्हणून. कुत्रं ते चाटतं आणि आतून आजारी पडतं. कृपा करून हे बंद करा. खरजेवर जनावरांच्या डॉक्टरकडे साधं औषध असतं.

आणि थोडं तेल नालीत जातं. फरशीवर सांडलेल्यावर पावडर टाकून पाईप मारला की गॅरेज स्वच्छ दिसतं, पण तेल कुठेही गेलेलं नसतं. ते कबीटखेडीच्या शुद्धीकरण केंद्राकडे जातं, जिथे मैला खाणारे जिवाणू हवेवर जगतात आणि तेलाचा थर त्यांची हवा तोडतो. नाहीतर कान्ह नदीत जातं, कान्हेतून क्षिप्रेत, क्षिप्रेतून उज्जैनला. २०२८ साली तिथे सिंहस्थ आहे. २०१७ पासून स्वच्छतेत देशभर नाव मिळवलेलं आपलं शहर, आणि घराघरांत ओला-सुका कचरा वेगळा करणारी माणसं ती तुमच्याच घरातली. मग गॅरेजच्या दारातली नाली त्यातून सुटू नये असं मला मनापासून वाटतं. सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा किंवा वाळू टाका, झाडून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा. तो डबा वेल्डिंगपासून लांब ठेवा. घट्ट तेल सहजासहजी पेटत नाही खरं, पण चिंधीत किंवा भुशात शिरलं की दिव्याच्या वातीसारखं पेट घेतं. पेटलंच तर पाणी मारू नका, वाळू किंवा आग विझवायचा पावडरचा सिलिंडर वापरा.

वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेलं पाहिजे. १ एप्रिल २०२४ पासून तर तेल बनवणाऱ्या कंपन्यांवरच ते परत गोळा होण्याची जबाबदारी आली आहे, आणि गोळा करणाऱ्यांची केंद्रीय प्रदूषण मंडळाकडे नोंदणी होते. याचा फायदा घ्या. ज्या डीलरकडून बॅरल घेता, त्यालाच विचारा की जुनं तेल न्यायला नोंदणी असलेला माणूस कधी पाठवतोस. पाच-सहा गॅरेजांनी मिळून विचारलं तर त्याला उत्तर द्यावंच लागेल, एकट्याने विचारलं तर तो हसून सोडून देईल. त्याच्याकडे तेलाचं सुरक्षा माहितीपत्रकही मागा. ते इंग्रजीत असतं. हिंदीत द्या असा आग्रह धरा. महापालिकेने गॅरेजांच्या वस्त्यांत जुन्या तेलासाठी ठरलेल्या दिवशी गाडी फिरवावी, हे मी त्यांना वेगळं लिहिणार आहे.

चौदा वर्षांखालचं पोर गॅरेजात असेल तर ते कायद्याने गुन्हा आहे. त्यावर मी जास्त लिहीत नाही. त्याला शाळेत पाठवा.

एका माणसामागे मोजे, साबण, हँड क्लीनर, अ‍ॅप्रन आणि वर्षाला कामाच्या कपड्यांचे दोन जोड, हा खर्च तुम्ही मांडून बघा. तो एका क्लच प्लेटच्या कामात निघतो की दोन, ते तुम्हीच ठरवा. मला तो जास्त वाटला नाही. ज्यांना पोरांशी बोलायला माणूस हवा असेल, त्यांनी बोलवावं. मी हिंदीत बोलतो, पैसे घेत नाही, अर्धा तास पुरतो. फक्त पोरांना सकाळी कामाला लागण्याआधी बसवा, संध्याकाळी ती ऐकण्याच्या स्थितीत नसतात. आणि बोलत असताना तुम्हीही त्यांच्याबरोबर बसा.

आपला,
एक निवृत्त सुरक्षा अधिकारी
लोकमान्यनगर, इंदूर